मोडीतल्या विमानांचे पुनरुज्जीवन

दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी कानपूरच्या विमानतळावर ‘लिबरेटर’ जातीच्या चार इंजिनी बाँबफेकी विमानांच्या रांगा उभ्या होत्या. विमाने वापरली होती ब्रिटिश हवाई दलाने, पण ती होती अमेरिकेची. युद्धकाळातील उसनवारीच्या कराराने आलेला हा माल युद्ध संपताच परत करावयाचा, विकत घ्यावयाचा किंवा निकामी करावयाचा, अशी अट होती. अमेरिकेने अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली होती. तिला ही परत नको होती. ब्रिटनला विकत घेणे परवडणारे नव्हते. तेव्हा तिसरा मार्ग पत्करण्यात आला. अवजड यंत्रे अंगावर घालून कुणाची शेपटी चेपली, कुणाचे नाक फोडले, कुणाच्या इंजिनांत वाळू घातली, अशी त्या काळची हकीगत सांगितली जाते. पुढे ती तशीच उन्हापावसात पडून राहिली.

स्वातंत्र्य मिळाले आणि लागलीच काश्मीरचे युद्ध उद्भवले. आपल्या हवाई दलाजवळ एकही जड बाँबफेकी विमान नव्हते आणि नवे घेण्यास पैसा नव्हता. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील मंडळींनी कानपूरचा तो उकिरडा पाहिला आणि यातून विमाने उभी करता येतील असे सांगितले. परदेशी जाणकारांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. पण एका विमानाचे शेपूट, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे जुळवीत कारागिरांनी एकेक विमान उडण्याजोगे केले, आणि कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला, म्हणजे सुमारे दीड हजार किलोमीटर, उडवीत नेली. तेथे त्यांची कसून दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने तयार झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी तुकडी त्यांच्यावर उभी राहिली.

हे साधले कसे, याचे उत्तर केवळ धाडसात नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली काढलेला हा कारखाना युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनला होता. तेथील फिटर आणि तपासनीस याच जातीच्या इंजिनांवर काम करून तयार झाले होते. विमान मोडले होते, पण ते जाणणारे हात शाबूत होते. आमच्या मते या सबंध विषयाची किल्ली येथेच आहे, आणि पुढे आपण परदेशांत गेलो तरी ती हाती ठेवणे बरे.

पुण्याच्या जुन्या रहिवाशांना या विमानांची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. १९५० नंतर लोहगावच्या तळावर सहाव्या तुकडीकडे ती होती, आणि अरबी समुद्रावर दूरवर टेहळणी करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. जगात इतरत्र लिबरेटर वितळवून त्यांची भांडी झाली, तेव्हाही आपली उडत होती! १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तोवर साऱ्या जगातील संग्रहालये जागी झाली होती. त्यांना लिबरेटर पाहिजे होते आणि ते मिळण्याजोगे ठिकाण मुख्यतः भारत. १९६८ मध्ये एक कॅनडाला, १९६९ मध्ये एक अमेरिकेत ॲरिझोनाला आणि १९७४ मध्ये एक इंग्लंडला, अशी ती स्वतःच्या पंखांनी उडत गेली. ज्यांनी ती मोडून टाकली होती त्या ब्रिटिश हवाई दलाच्याच संग्रहालयात आज कानपूरच्या कचऱ्यातले विमान मानाने उभे आहे.

आणखी एक विमान असेच निवृत्तीनंतर तेरा वर्षे उघड्यावर पडून होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत एका इंग्रज संग्राहकाने ते विकत घेऊन सुटे केले आणि मालवाहू विमानात घालून नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. आरंभी ते नुसते मांडून ठेवण्याचा विचार होता. पण ज्यांनी तरुणपणी अशा विमानांतून मोहिमा केल्या होत्या त्या वृद्ध सैनिकांनी आग्रह धरला की ते उडालेच पाहिजे. पाच वर्षांच्या कामानंतर १० सप्टेंबर १९८९ रोजी ते उडाले.

‘मांडून ठेवणे’ आणि ‘उडविणे’ यांतील अंतर सामान्य माणसाच्या कल्पनेपेक्षा फार मोठे आहे. प्रदर्शनातील विमानाला रंग दिला, काचा पुसल्या, चाकांखाली ठोकळे दिले की झाले. उडावयाचे म्हणजे त्याच्या अंगातील प्रत्येक पत्रा, खिळा, तार आणि नळी पुन्हा एकदा भरवशास पात्र ठरली पाहिजे. म्हणून पुनरुज्जीवनाचा आरंभ जोडण्याने होत नाही, सोडविण्याने होतो. विमान इतके सुटे करतात की शेडमध्ये पाहणाऱ्यास ते दिसतच नाही. दिसतात ती फडताळे आणि प्रत्येक तुकड्याला बांधलेल्या चिठ्ठ्या. या अवस्थेत वर्षामागून वर्ष जाते. पुष्कळ संस्थांचा धीर आणि पैसा याच टप्प्यावर संपतो.

विमानाचा पत्रा म्हणजे घरातल्या पातेल्याचे शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे. त्यात तांबे व इतर धातू मिसळून त्याला बळकटी आणलेली असते, आणि ही मिसळच त्याला गंजाकडे झुकविते. लोखंडाचा गंज तांबडा, तो दुरूनही दिसतो. या मिश्रधातूचा गंज पांढऱ्या भुकटीच्या रूपात सांध्यांच्या आत वाढतो. जाड भागांत तर तो थराथरांमध्ये शिरतो आणि धातू भिजलेल्या पुस्तकाच्या पानांसारखा फुगून सुटू लागतो. वरून रंग शाबूत, आत काही नाही! पंखाचा मुख्य आधार जी कडी, तिच्यात हे आढळले की ती कडी नवी करण्यावाचून गत्यंतर नसते. समुद्रकाठी राहिलेल्या विमानाची दशा अर्थातच अधिक वाईट.

गंज न लागलेल्या भागांतही भेगा असू शकतात. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्याची एक युक्ती फार सोपी आहे. त्या भागावर तांबडे, पातळ रंगद्रव्य लावतात. ते भेगेत झिरपते. मग पृष्ठभाग स्वच्छ पुसून त्यावर पांढरी पूड फवारतात. काही वेळाने पूड भेगेतला रंग शोषून घेते आणि पांढऱ्यावर तांबडी रेघ उमटते. ज्या ठिकाणी सर्व बाजूंनी हात पोचत नाही तेथे क्षकिरणांनी छायाचित्र घ्यावे लागते.

पत्रे एकमेकांस जोडणारे रिव्हेट हा तर स्वतंत्र विषय आहे. एका मोठ्या विमानात ते लक्षावधी असतात. त्यांतील काही जातींचे रिव्हेट वापरण्यापूर्वी सुमारे पाचशे अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवितात, म्हणजे ते मऊ होतात. पण बाहेर ठेवले तर थोड्याच वेळात आपोआप कठीण होऊ लागतात आणि मग ठोकता येत नाहीत. त्यांचे हे कठीण होणे थांबविण्यासाठी ते थेट बर्फाच्या कपाटात ठेवतात आणि लागतील तसे मूठभर काढून घाईघाईने ठोकतात. कपाटात भाजी ठेवावी तसे खिळे ठेवलेले पाहून पाहुण्यांना हसू येते खरे, पण विमान त्यांच्यावरच एकसंध राहते. ते ठोकण्यास दोन माणसे लागतात. एक बाहेरून हवेच्या दाबाच्या हातोड्याने ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरून बसतो. शेपटीच्या निमुळत्या भागात शिरण्यास अंगाने बारीक माणूसच पाहिजे.

इंजिनाचे पाहू. लिबरेटर आणि डाकोटा या दोन्ही विमानांना एकाच घराण्याचे, प्रॅट अँड व्हिटनीचे ‘ट्विन वास्प’ इंजिन असे. त्यात चौदा सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे गोल, सात-सातच्या दोन ओळींत बसविलेले असतात. शक्ती सुमारे बाराशे अश्वांची. या रचनेत काही सिलिंडर अटळपणे खालच्या बाजूस येतात आणि विमान उभे असता तेल निथळून त्यांत साचते. हवा दाबता येते, तेल दाबले जात नाही. अशा स्थितीत इंजिन एकदम चालू केले तर आतला दांडा वाकतो आणि तो दोष कदाचित त्या दिवशी नव्हे, तर पुढे कधीतरी आकाशात प्रकट होतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने सावकाश फिरवितात. मध्येच अडला तर जोर न लावता खालचे प्लग काढून तेल गाळून टाकतात. असे शेकडो बारकावे आहेत. पुस्तकात ते लिहिलेले असतात, पण पंखा किती अडला म्हणजे ‘अडला’ म्हणावयाचे, हे हातालाच कळते. इंजिनाबरोबर रबराच्या सर्व नळ्या, सर्व वायरी बदलाव्या लागतात. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग असे, त्यामुळे तीही वस्तू जपून हाताळावी लागते.

लाकडी विमानांचा प्रश्न निराळा. ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे अतिवेगवान विमान बर्चच्या पातळ फळ्या आणि त्यांमध्ये हलके बाल्सा लाकूड, असे डिंकाने चिकटवून केलेले होते. त्याचे धड भुईमुगाच्या शेंगेसारखे दोन उभ्या टरफलांत तयार करीत; आतले सामान बसवून मग दोन्ही टरफले मिटवीत. १९४४ च्या पावसाळ्यानंतर भारतात या विमानांचे पंख हवेतच निखळल्याचे अपघात झाले आणि ती काही काळ जमिनीवर रोखून धरावी लागली. आपल्याकडील उष्मा आणि ओल यांनी सांधे सैल केले म्हणावे, तर कारखान्यातील जोडणीतही उणिवा सापडल्या. युद्धानंतर उरलेली बहुतेक मॉस्किटो कुजूनच गेली, कारण कुजलेल्या लाकडाला थिगळ लावता येत नाही. तेव्हा न्यूझीलंडमधील ग्लिन पॉवेल यांनी मुळापासून आरंभ केला. विमान करण्याआधी ते ज्यावर घडवावयाचे ते प्रचंड लाकडी साचेच त्यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केले. त्या साच्यांवर घडविलेले नवे लाकूड आणि कॅनडातील एका शेतावरून मिळविलेल्या जुन्या विमानाचे धातूचे भाग, असे मिळून एक मॉस्किटो २७ सप्टेंबर २०१२ रोजी न्यूझीलंडमध्ये आर्डमोरहून उडाले.

येथे चिकित्सक श्रोता विचारील की हे जुने विमान कसले? हे तर नवेच झाले! प्रश्न रास्त आहे. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्समधील कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलेले एक स्पिटफायर वाळूत गडप झाले, १९८० मध्ये वाळू सरकल्यावर वर आले आणि २०११ मध्ये पुन्हा उडाले. चाळीस वर्षे खाऱ्या वाळूत काढलेल्या त्या धातूपैकी उडण्याच्या योग्यतेचे किती उरले असेल, याची कल्पना कुणीही करावी. आपल्या वाड्याची कौले बदलली, मग वासे बदलले, एका पिढीने खांब नवे घातले. तरी आपण त्याला पणजोबांचा वाडाच म्हणतो. विमानाच्या बाबतीत सरकारदप्तरी त्याचा बांधणी क्रमांक आणि अखंड चालत आलेली नोंद यांना महत्त्व असते. एवढ्यावर सर्वांचे समाधान होत नाही, आमचेही पूर्णपणे होत नाही. परंतु नवे काय आणि जुने काय हे पाट्यांवर प्रामाणिकपणे लिहिले असेल, तर फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही.

हाच प्रश्न आपल्या घरी ‘परशुराम’ या डाकोटाच्या निमित्ताने येतो. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरले आणि विमानतळ वाचला. त्यांतील पहिल्या विमानाचा म्हणून जो क्रमांक सांगितला जातो, ‘व्हीपी ९०५’, तोच आज हवाई दलाच्या या डाकोटावर रंगविलेला आहे. विमान मात्र ते नव्हे. हे दुसरे, १९४४ साली बांधलेले. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेले असताना राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये ते घेतले, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे स्वखर्चाने दुरुस्त करविले आणि हवाई दलाला अर्पण केले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. देणगी प्रथम देऊ केली तेव्हा सरकारने ती नाकारली होती, हेही नमूद केले पाहिजे. फुकट मिळणाऱ्या विमानाला नकार देण्यात नुसती दफ्तरदिरंगाई होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. असे विमान घेणे म्हणजे त्याचा नित्याचा खर्च आणि जबाबदारी घेणे होय.

पुढे देणगी स्वीकारली गेली. १७ एप्रिल २०१८ रोजी कॉव्हेंट्रीहून निघालेले हे विमान फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन व ओमान असे मुक्काम करीत २५ तारखेला जामनगरला उतरले. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास ज्याचा वेग, त्याला आठ-नऊ दिवस लागावेत यात नवल नाही. शिवाय आजच्या विमानतळांवर जेट विमानांचे रॉकेलजातीचे इंधन मुबलक, पण जुन्या इंजिनांना लागणारे उच्च प्रतीचे पेट्रोल प्रत्येक ठिकाणी आधी ठरवून मिळवावे लागते. ४ मे २०१८ रोजी हिंडनच्या तळावर त्याचा हवाई दलात समावेश झाला. तेथे हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ होतेच. तेही इंग्लंडमधूनच दुरुस्त होऊन आले आणि ८ ऑक्टोबर २०१२ च्या हवाई दल दिनी उडाले होते. २६ जानेवारी २०२१ च्या संचलनात बांगलादेश युद्धाच्या पन्नासाव्या वर्षाचे निमित्त साधून ‘परशुराम’ दिल्लीवरून गेले, आणि पुढच्या वर्षी टांगाईलच्या छत्रीउडीची आठवण म्हणून पुन्हा. डिसेंबर १९७१ मधील त्या उडीत डाकोटांचा वाटा होताच.

अभिमानाच्या या गोष्टींत एक बोचणारी बाब आहे. १९४८ साली बंगलोरने मोडीतून लिबरेटर उभे केले. आपल्याला २०१२ साली टायगर मॉथ आणि २०१८ साली डाकोटा इंग्लंडातून दुरुस्त करून आणावे लागले. बुद्धी गेली असे नाही. डाकोटा आपल्याकडून गेले, त्याबरोबर त्यांचे फिटर निवृत्त झाले, हत्यारे मोडीत गेली, आणि सत्तर वर्षांपूर्वी ज्या हातांनी हे केले त्यांच्या जागी नवे हात बसविण्याचे काम कुणी केले नाही. इंग्लंडात हे घडले नाही, कारण तेथे १९५७ पासून हवाई दलाचीच एक तुकडी जुनी लढाऊ विमाने उडती ठेवीत आहे आणि तिच्याभोवती खाजगी कारखान्यांचे जाळे वाढले आहे.

पण इंग्लंड-अमेरिकेचीही दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ब्लेनहाइम जातीचे एक विमान बारा वर्षे खपून १९८७ मध्ये उडविण्यात आले आणि महिन्याभरात आदळून संपले. त्याच मंडळींनी दुसरे उभे केले, ते १९९३ मध्ये उडाले, २००३ मध्ये अपघातात सापडले, पुन्हा दुरुस्त होऊन २०१४ मध्ये उडाले. तिसऱ्या खेपेस बसविलेले नाक पूर्वी एका गृहस्थाने विजेवर चालणारी मोटार म्हणून वापरले होते! यात सुदैवाने माणसे वाचली. सर्वत्र तसे झाले नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅम येथे कसरती करणारे जुने हंटर विमान रस्त्यावर कोसळले आणि अकरा माणसे मेली. त्यांतील कुणीही विमानात बसलेले नव्हते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कॉलिंग्ज फाउंडेशनचे बी-१७ विमान उतरताना कोसळले. आतील तेरांपैकी सात दगावले, आणि चौकशीत देखभालीतील गंभीर हयगय उघड झाली. पैसे देणाऱ्या हौशी प्रवाशांना नेण्याची त्या संस्थेची परवानगी नंतर काढून घेण्यात आली. ज्यांनी कानपूरचे लिबरेटर प्रेमाने उभे केले तीच ही संस्था, हे विसरता येत नाही. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत डॅलसला दोन जुनी विमाने प्रदर्शनातच एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले.

म्हणून ‘जुने ते उडवूच नये’ असे म्हणणारा एक पक्ष आहे. विमान पडले तर माणसे जातातच, पण त्या जातीचा शेवटचा नमुनाही जातो, असे तो सांगतो. ज्या जातीचे एक-दोनच नमुने जगात उरले आहेत त्यांच्यापुरते आम्हांला हे मान्य आहे. ती शेडमध्येच बरी. डाकोटासारख्या दहा हजारांहून अधिक संख्येने बांधलेल्या, सावकाश चालणाऱ्या आणि मूळचीच दणकट बांधणी असलेल्या विमानाला हा नियम लावण्याचे कारण नाही. ते उडते ठेवले तरच त्याची विद्या जिवंत राहते. मात्र गर्दीवरून कसरती नकोत, आणि तिकीट काढून माणसे बसविणे तर नकोच.

जेट विमानांच्या बाबतीत मामला अधिक अवघड. ब्रिटनचे ‘व्हल्कन’ हे भव्य बाँबफेकी जेट लोकवर्गणी आणि सरकारी लॉटरीच्या निधीतून दुरुस्त होऊन ऑक्टोबर २००७ मध्ये उडाले आणि आठ वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०१५ रोजी कायमचे उतरले. ते उडण्यास असमर्थ झाले होते असे नाही. त्याची तांत्रिक हमी देणाऱ्या कंपन्यांनी, हे विमान जाणणारी माणसे आता आमच्याजवळ उरली नाहीत म्हणून, हमी देण्याचे थांबविले आणि परवाना संपला.

आपल्याकडे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. यांतील कित्येक आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधलेली. गावोगावी चौकात खांबावर चढविलेली जुनी विमाने आपण पाहतो; त्यांच्या अंगातील पाणी निघून जाण्याची भोके चिमण्यांच्या काड्यांनी बुजतात, आणि वरून दरवर्षी चंदेरी रंग दिला तरी आत पांढरी भुकटी साचू लागते. सर्व मिग अशा खांबांवर जाणार असतील तर प्रश्नच मिटला. पण एखादे तरी पुढे कधी उडावे, निदान धावपट्टीवर स्वतःच्या इंजिनाने चालावे, असे कुणास वाटत असेल, तर त्याची निवड थोड्या अवधीत करावी लागेल. ते छपराखाली कोरड्या जागी ठेवावे. इंजिनात संरक्षक तेल फिरवून त्याची तोंडे झाकावीत. वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनातील मुदत संपलेली स्फोटके काढून घ्यावीत. नोंदवह्या, नकाशे आणि खास हत्यारे यांची पेटी त्याच्याच शेजारी कुलपात ठेवावी. आणि ओझरला ज्यांनी ही विमाने जोडली व तपासली, त्या आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसांना बोलावून त्यांच्याकडून नव्या मुलांच्या हाती एकेक काम द्यावे. त्यांपैकी पुष्कळजण नाशिकातच राहतात.